टिपेश्वरचा वाघ बार्शीपर्यंत का चालत येतो?

सोलापूर जिल्ह्याचा आणि वाघाचा तसा काही संबंध नाही. आपल्याकडे नान्नजचा माळढोक, माळावरची काळविटं, लांडगे आणि हिवाळ्यात उजनीवर येणारे रोहित पक्षी. वाघ बघायचा तर रेल्वेचं रिझर्वेशन करून चंद्रपूर गाठायचं, ही आपली सवय. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला आणि पाठोपाठ बार्शी तालुक्यातल्या शिवारांत त्याचे ठसे उमटू लागले, तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना. बिबट्या असेल, तरस असेल. मग खात्री पटल्यावर दोन तर्क सुरू झाले: एक, बिचारा वाट चुकला, दोन, कुणीतरी रातोरात गाडीतून आणून सोडला.

दोन्ही चूक. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर कळलं की तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला नर आहे. तिथून इथपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर. तो स्वतःच्या पायांनी आला होता आणि वाट तर मुळीच चुकला नव्हता. वाघांच्या घरात जमिनीची वाटणी कशी होते हे समजून घेतलं, तर त्याचं हे चालणं अगदी सरळ दिसतं.

आधी ओळख पटते कशी, ते पाहू. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही एकमेकींसारखी नसते. त्यामुळे नुसता डाव्या कुशीचा फोटो हाती असेल आणि जुन्या नोंदीत फक्त उजवी असेल, तर जुळवाजुळव होतच नाही. म्हणून जंगलातल्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण वाघाच्या पोटाच्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशी एकदम मिळतात. भारतात ही पद्धत नव्वदच्या दशकात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये रुजवली. आज देशभरातल्या वाघांच्या अशा फोटोंचा साठा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आहे. संगणक पट्टे ताडून संभाव्य जोड्या काढून देतो, शेवटचा निर्णय माणसाच्या डोळ्यांचा.

अशा नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या की आपोआप वंशावळ तयार होते. ही वंशावळ आईकडून चालते. बछडी आईबरोबर फिरतात, त्यामुळे आई कोण ते फोटोत दिसतं. बाप कोण, हा अंदाजाचा मामला. त्या भागात त्या काळात कुठला नर वावरत होता यावरून तो बांधायचा, किंवा विष्ठेतून डीएनए काढून पक्का करायचा. टिपेश्वरमध्ये २०१६ साली टी-१ या वाघिणीला तीन नर पिल्लं झाली, त्यांची नावं कागदावर टी-१ सी-१, सी-२, सी-३ अशी पडली. आईचा क्रमांक पुढे, पोराचा मागे. ताडोब्यातल्या जिप्सीवाल्यांचा आणि गाईड मंडळींचा कल मात्र नरांकडे. मटकासुराचा मुलगा म्हणून ‘छोटा मटका’. देखणा, दांडगा नर रस्त्यावर आडवा आला की पर्यटकांचे पैसे वसूल होतात, हे खरंच आहे. पण जंगलाची घडी कशी बसली आहे हे कळायला वाघिणींवरच नजर ठेवावी लागते.

वाघिणीला क्षेत्र हवं असतं ते पोट भरायला आणि पिल्लं वाढवायला. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास खुरवाली जनावरं मारतो, म्हणजे आठवड्याला एक. आणि एवढी जनावरं दरवर्षी खाल्ली जाऊनही कळप टिकायचा, तर त्या वाघामागे जंगलात अशी पाचशे जनावरं हवीत. चितळ, सांबर, रानडुक्कर, गवे जिथे दाटीने आहेत तिथे वाघिणीचं वीसेक चौरस किलोमीटरमध्ये भागतं. नेपाळचं चितवन, आपलं नागरहोळे ही अशी श्रीमंत जंगलं. उलट रशियाच्या अतिपूर्वेला, सिखोते-आलिनच्या बर्फाळ डोंगरात सावज इतकं विरळ की तिथल्या वाघिणीला सुमारे चारशे चौरस किलोमीटर लागतात. प्राणी एकच, पण क्षेत्रात वीसपट फरक. ‘एका वाघाला किती जंगल लागतं?’ या प्रश्नाला म्हणूनच एक आकडा देता येत नाही.

नराचा हिशेब निराळा. त्याला क्षेत्र हवं असतं ते माद्यांसाठी. तीन-चार वाघिणींची क्षेत्रं पोटात घेईल एवढा टापू तो धरून ठेवायचा प्रयत्न करतो. आणि तो टापू दुसऱ्या नरांपासून राखण्यात त्याचा जन्म जातो.

राखायचं कसं? कुंपण तर नाही. भांडणं होतात, पण भांडण महाग पडतं. पंजा दुखावलेला वाघ शिकार करू शकत नाही आणि उपाशी मरतो. म्हणून बरीचशी कामं वासावर भागवली जातात. वाघ ठरावीक झाडापाशी येतो, पाठ फिरवतो, शेपूट उभी करतो आणि खोडावर मागच्या मागे फवारा मारतो. झाड जरा कललेलं असेल तर कललेल्या बाजूची खालची साल निवडतो, म्हणजे पावसाने खूण लवकर धुतली जात नाही. मागून येणारा वाघ ती जागा हुंगतो, वरचा ओठ मुडपून जीभ बाहेर काढतो आणि तोंड वेडंवाकडं करून क्षणभर तसाच उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, त्याला किळस आली. प्रत्यक्षात टाळूतल्या खास इंद्रियापर्यंत तो वास पोचवत असतो. नर की मादी, मादी असेल तर माजावर आहे का, खूण ताजी की शिळी, एवढं सगळं त्यातून कळतं. या फवाऱ्याचा अभ्यास कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी अनेक वर्षं केला. त्यांना त्यात जो सुगंधी रेणू सापडला, तोच बासमती तांदळाच्या वासालाही कारणीभूत आहे. जंगलात फिरणारे लोक ‘भात शिजल्यासारखा वास आला, वाघ इथून गेलाय’ म्हणतात, ते उगाच नाही. वास दोन-तीन आठवड्यांत उडतो, त्यामुळे खूण पुन्हा पुन्हा करत राहावी लागते. वाघ आजारी पडला, म्हातारा झाला, फेरी चुकली, की शेजाऱ्याला लगेच पत्ता लागतो.

आता वारसा. चितवनमध्ये १९७३ पासून वाघांना रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा, लावून अभ्यास सुरू झाला. इतका लांब पल्ल्याचा अभ्यास वाघांवर आधी झालाच नव्हता. पिल्लं दीड ते सव्वादोन वर्षांची झाली की आईपासून सुटी होतात. सुटल्यावर मुली सरासरी दहा किलोमीटरच्या आतच राहिल्या, मुलगे सरासरी तेहेतीस किलोमीटर दूर गेले. कित्येक मुलींनी तर आईच्याच क्षेत्राचा तुकडा घेतला आणि आई थोडी बाजूला सरकली. आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणी तलाठ्यासमोर हक्कसोड करून देतात आणि जमीन भावांच्या नावे राहते. वाघांत बरोबर उलटं चालतं, हक्कसोड मुलांनी करायची.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रणथंबोरचं. तिथल्या तळ्यांकाठची मोक्याची जागा मछली या वाघिणीने आपल्या आईकडूनच घेतली होती. पाण्यावर येणारी सांबरं, राजवाड्याचे पडके मंडप, शिवाय मगरी, जागा भांडण्यासारखीच. पुढे सुंदरी या मुलीने म्हाताऱ्या होत चाललेल्या मछलीला तिथून हुसकावलं. मग तळी कृष्णा या दुसऱ्या मुलीकडे गेली, तिच्याकडून तिची मुलगी ॲरोहेड हिच्याकडे आणि पुढे नात रिद्धी हिच्याकडे. मछली २०१६ मध्ये वारली, पण तळी घराण्यातच राहिली. हे सगळं मायेने झालं असं मात्र समजू नका. आई-मुलीत रक्त निघेपर्यंत झटापटी झाल्या आहेत. नातं असल्याने भांडण टळतं असं नाही; शेजारी नात्यातली असली तर जरा जास्त सहन केली जाते, इतकंच.

ताडोब्यातही हेच. पांढरपौनीचं तळं लीला वाघिणीच्या टापूत होतं, ते तिच्या माया या मुलीने घेतलं आणि दहाएक वर्षं राखलं. मायाचं आयुष्य बारकाईने पाहिलं गेलं, कारण जिप्सी रोज तिथून जात. तिच्या वाट्याला एकामागून एक नर आले. नर बदलला की वाघिणीच्या पिल्लांवर संकट येतं: नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. क्रूर वाटतं, पण त्यामागे साधं गणित आहे. पिल्लं लहान असेपर्यंत मादी माजावर येत नाही. ती दीड-दोन वर्षं थांबणं नव्या नराला परवडत नाही, कारण त्याच्याकडे वेळच नसतो. चितवनच्या नोंदींप्रमाणे नराचा पिल्लं घालण्याचा काळ सरासरी २.८ वर्षं, मादीचा ६.१ वर्षं. वाघिणीही गप्प बसत नाहीत. पिल्लं जवळ असताना माया नव्या नरांशी जवळीक करताना दिसली आहे. पिल्लं आपलीच असावीत असा संभ्रम नरांमध्ये पसरवायची ती चाल असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. दरवेळी ती साधलीच असं नाही. २०२३ च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली आणि पुढे सापडलेले अवशेष तिचेच असल्याचं डीएनएवरून ठरलं.

तर मुलींनी आईशेजारची जागा धरली, मोठे नर आपापले टापू अडवून बसले, मग दोन-अडीच वर्षांच्या तरण्या वाघाने जायचं कुठे? टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. चहूकडे कापूस, तूर आणि गावं. वाघ तिथे चांगले वाढले, हेच खरं दुखणं. टी-१ सी-१ ला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लावली होती. तो जूनमध्ये निघाला, तेलंगणात जाऊन परत आला आणि पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा पिकात किंवा नाल्यात पडून राहायचा, रात्री चालायचा. हजारो लोकांच्या शेजारून तो गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

बार्शीकडे आलेल्या वाघाने तेच केलं, फक्त दिशा वेगळी धरली. आपला उघडा बोडका मुलूख त्याला कसा मानवला, असं वाटेल. पण हिवाळ्यात इथला माळ तेवढा उघडा नसतो. शाळू डोक्याच्या वर गेलेला, उसाचे फड उभे, ओढ्याकाठी वेड्या बाभळीचं रान माजलेलं. बालाघाटच्या डोंगररांगेतले घळ-ओहोळ तर लपायला उत्तमच. खायला रानडुक्कर आणि गोठ्याबाहेर बांधलेली वासरं. अडचण झाली ती माणसांची. थ्री फेज लाईट रात्रीची, पाणी द्यायला रात्रीच जायचं आणि बॅटरीच्या उजेडात काय दिसेल त्याचा नेम नाही. ही भीती खरी होती. दिवसभर ‘वाघाची दहशत’ अशी पट्टी चालवणाऱ्यांनी ती फुकट वाढवली, हा भाग वेगळा. वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं, पथकंही आली, पण तो सहजी हाती लागला नाही.

येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे श्रीमंत जंगलातल्या एका वाघिणीपुरतं. आणि इथे सावज तेवढं दाट नाही. शिवाय वाघीणच नाही. नर इतक्या लांब येतो तो मादीच्या शोधात, आणि माद्या इतक्या लांब येत नाहीत. बुलढाण्यात टी-१ सी-१ च्या वाट्याला हेच आलं होतं: जंगल होतं, सावज होतं, वाघीण नव्हती.

तरीही असं भटकणं थांबलं तर जास्त मोठं नुकसान आहे. ओडिशातलं सिमिलिपाल बाकीच्या वाघ-जंगलांपासून तुटलेलं. बाहेरून नर येईनात, नात्यातल्या नात्यात जोड्या जमत गेल्या. तिथे आज काळसर, पट्टे एकमेकांत मिसळलेले वाघ मोठ्या संख्येने दिसतात. बंगळुरूच्या शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवून दिलं की एकाच जनुकातल्या बदलामुळे हे होतं, आणि इतरत्र अतिशय दुर्मीळ असलेला तो बदल तिथे वाढला तो मूठभर पूर्वजांपासून वंश चालल्यामुळे. रंगाने वाघाचं बिघडत नसेलही. पण रंग दिसतो, बाकीचे दोष दिसत नाहीत.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोब्यातून जमुना आणि जीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेल्या. जीनतला ती जागा पटली नाही. ती झारखंडमधून पश्चिम बंगालमध्ये गेली आणि डिसेंबरअखेर बांकुडा जिल्ह्यात बेशुद्ध करून तिला परत आणावं लागलं. म्हणजे ज्या महिन्यात टिपेश्वरचा नर बार्शीच्या शिवारात हिंडत होता, त्याच महिन्यात ताडोब्याची मादी तीन राज्यं तुडवत होती. सह्याद्रीत, कोयना-चांदोलीच्या रानात, कॅमेऱ्यांत आले ते चालत आलेले नरच. मादी तिथे आणल्याशिवाय येणार नाही हे कळल्यावर २०२५ मध्ये ताडोब्यातून वाघीण हलवायला सुरुवात झाली. आणलेल्या वाघिणी जीनतसारख्या पाय काढतात की टिकतात, टिकल्या तर त्यांना मुली होतात का, आणि त्या मुली आईच्या शेजारी जागा धरतात का, हे तिथल्या पायवाटांवरचे कॅमेरेच पुढची काही वर्षं टिपत राहतील.