स्पर्शभिंग (कॉन्टॅक्ट लेन्स)

डोळ्याच्या पारदर्शक दर्शनी पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंच्या पातळ थराच्या आधाराने बसणारे दृष्टिदोष सुधारणारे भिंग. काचेच्या स्पर्शभिंगांचे प्रयोग जर्मन नेत्रवैद्य आडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या जोडखेळण्याचे सुटे भाग वापरून घरीच यंत्र उभारले आणि त्यावर मऊ भिंगे तयार केली. आजची मऊ भिंगे त्याच परंपरेतली.

चष्म्याचा नंबर हाच लेन्सचा नंबर, हा समज चुकीचा आहे. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो, लेन्स डोळ्यालाच टेकलेली असते. त्यामुळे चष्म्याचा उणे ८ नंबर लेन्समध्ये सुमारे उणे ७.२५ होतो. साधारण ४ नंबरपर्यंत हा फरक नगण्य असतो. शिवाय कॉर्नियाची वक्रता मोजावी लागते, कारण घट्ट बसलेली लेन्स डोळ्याला त्रास देते आणि सैल लेन्स सरकत राहते.

फक्त लांबचे किंवा फक्त जवळचे धूसर दिसत असेल, तर साधी मऊ लेन्स पुरते. सिलिंडर नंबर (डोळ्याची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर) असणाऱ्यांना टोरिक लेन्स लागते. तिची शक्ती वेगवेगळ्या दिशांना वेगळी असल्याने ती डोळ्यात फिरून चालत नाही. म्हणून बऱ्याचदा तिचा खालचा भाग किंचित जाड ठेवतात. चाळिशी लागलेल्यांना बहुकेंद्री लेन्स देतात, किंवा एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देतात. ही दुसरी पद्धत सर्वांना मानवत नाही. खोलीचा अंदाज थोडा कमी होतो.

स्पर्शभिंगाचे खरे मोल कळते ते केराटोकोनसमध्ये. या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि चष्म्याने पुरेसे स्पष्ट दिसेनासे होते. इथे प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक लेन्स कामी येते. तिच्यामागे साठलेले अश्रू कॉर्नियाचा खडबडीतपणा भरून काढतात आणि प्रकाशाला पुन्हा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. विकार वाढलेला असेल, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स वापरतात; ती कॉर्नियाला स्पर्शच करत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असलेल्यांनाही लेन्स सोयीची, कारण चष्म्यातून दोन प्रतिमा लहानमोठ्या दिसतात.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी तो प्राणवायू मुख्यतः हवेतूनच घेतो. म्हणून लेन्स घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका बराच वाढतो. झोपेत कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलणाऱ्या, रात्री घालून सकाळी काढायच्या ऑर्थो-के लेन्स झोपेत घालण्यासाठीच बनवलेल्या असल्या, तरी तो धोका त्यांनाही चुकलेला नाही. नळाच्या पाण्याने लेन्स कधीही धुऊ नये: पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियाला दृष्टी जाण्याइतकी इजा करू शकतो. नंबर नसलेल्या, केवळ शोभेच्या रंगीत लेन्सलाही हे सारे लागू आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईनासा झाला, तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.