वीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर एवढी ओढ आणतो कुठून?

जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद वीस-पंचवीस हॉर्सपॉवर आहे म्हटलं की ऐकणारा नाक मुरडतो. साध्या छोट्या मोटारीचा आकडासुद्धा याच्या दुप्पट-तिप्पट असतो. पण निगा राखलेला तोच ट्रॅक्टर भारी जमिनीत नांगर उतरवून चालू लागला की बघणारा थक्क होतो.

पूर्वी आकडे सांगायची पद्धतच वेगळी होती. 'वॉटरलू बॉय' या अमेरिकन ट्रॅक्टरवर १२-२५ असं लिहीत. पहिला आकडा अवजार ओढायच्या ताकदीचा, दुसरा पट्टा लावून मळणी यंत्र फिरवायच्या ताकदीचा. शेतकऱ्याला पहिलाच आकडा कामाचा, कारण गिअर आणि चाकांत खर्च होऊन उरते ती ही ताकद. मात्र काही कंपन्या वाटेल ते आकडे छापत. असाच एक ट्रॅक्टर घेऊन फसलेले नेब्रास्काचे शेतकरी-आमदार विल्मॉट क्रोझिअर यांनी पाठपुरावा केला आणि १९१९ मध्ये कायदा झाला : चाचणी झाल्याशिवाय त्या राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० मध्ये पहिली चाचणी झाली ती वॉटरलू बॉयचीच. त्या काळातल्या आकड्यांवर आज विश्वास ठेवता येतो, तो या कायद्यामुळे.

आता इंजिन पाहा. १९२३ चा जॉन डिअर 'मॉडेल डी' : दोनच सिलिंडर, तेही साडेसहा इंच व्यासाचे, आणि मिनिटाला फक्त ८०० फेरे. १९२१ च्या जर्मन लांझ बुलडॉगमध्ये तर सहा लिटरहून मोठा एकच सिलिंडर होता, ताकद १२ हॉर्सपॉवर. लांब स्ट्रोक (पिस्टनची धाव), जड फ्लायव्हील (इंजिनाची लय टिकवणारं वजनदार चाक), कमी फेरे. अशा इंजिनावर लोड आला की फेरे थोडे उतरतात, पण ते दम सोडत नाही.

शिवाय हिशेब करा. चाकांपर्यंत १५ हॉर्सपॉवर पोचली आणि वेग ताशी चार किलोमीटर असला, तर ओढ जवळपास एक टनाची होते. एवढी ओढ पेलायला हलक्या ट्रॅक्टरची पकडच पुरत नाही. इंजिन बंद पडायच्या आधी चाकं जागेवरच फिरतात. आयरिश संशोधक हॅरी फर्ग्युसन यांनी नेमकं हेच ओळखलं. त्यांच्या तीन बिंदूंच्या हायड्रॉलिक जोडणीमुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणजे जमीन जेवढी जड तेवढी पकड घट्ट. १९४६ पासून निघालेल्या त्यांच्या 'टीई-२०' मॉडेलचे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. चाकांवर रणगाड्यासारखे पट्टे चढवलेले असेच फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले.

ही ताकद टिकते ती मात्र देखभालीवर. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ऑइल-बाथ एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ वाटीतल्या तेलात अडकवणारा फिल्टर. वाटी उघडली आणि तळाशी बोटभर गाळ निघाला, तर हवा कोंडलीच म्हणून समजा. क्लीनरमधून धूळ आत गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) खाऊन टाकते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), टायमिंग (इंधन पेटायची वेळ) हे त्यानंतरचं. टीई-२० चे लायनर तर बदलताच येतात, त्यामुळे झिजलेलं इंजिनही मूळ मापावर आणता येतं. ते जमलं की नाही हे कानाला कळतं : नांगर जमिनीत घुसला की गव्हर्नर (फेरे कायम राखणारी यंत्रणा) लगेच इंधन वाढवतो, आवाज क्षणभर खोल जातो आणि पुन्हा त्याच लयीत येतो.