पाचव्या गिअरचा मोह आणि दुसऱ्याआधीची दरी

ब्रिटिश बनावटीच्या एमजीबी या जुन्या गाडीचा (१९६२–८०) गिअरबॉक्स आवाज करू लागला की डोक्यात पहिल्यांदा येतो तो पाच गिअरचा बॉक्स. त्यातही फोर्डच्या सिएरा गाडीतला ‘टाइप ९’, कारण इंजिनाशी जोडायची किट तयार मिळतात. पण तो घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

१९६७ नंतरच्या एमजीबीचे रेशो (बॉक्सच्या मागच्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) ३.४४, २.१७, १.३८ आणि १.००, मागच्या डिफरन्शियलचा (चाकांना फिरवणारा गिअरसंच) ३.९१. चाक एका फेरीत साधारण १.८८ मीटर जातं. इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांना १.८८ आणि ०.०६ ने गुणायचं आणि दोन्ही रेशोंच्या गुणाकाराने भागायचं, की ताशी किलोमीटर मिळतात. चौथ्यात ताशी १०० ला इंजिन सुमारे ३,४७० फेरे घेतं. टाइप ९ च्या पाचव्यात (०.८२) ते २,८४० वर येतं. कानांना हा फरक लगेच कळतो.

मात्र चार सिलिंडरच्या सिएरातल्या या बॉक्सचा पहिला ३.६५ आणि दुसरा १.९७ आहे. पहिल्यात ५,००० फेऱ्यांपर्यंत नेऊन दुसरा टाकला तर मूळ बॉक्समध्ये इंजिन ३,१५० वर उतरतं, इथे थेट २,७०० वर. घाटात वळणातून बाहेर पडताना गाडी नेमकी इथेच मरगळते. २.८ लिटर व्ही-६ सिएराच्या बॉक्समध्ये ३.३६ आणि १.८१ आहेत, पहिला गिअर सुधारतो, पण दरी तेवढीच राहते. शिवाय त्याचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून बॉक्समध्ये शिरणारा दांडा) लांब असतो, म्हणून ऑर्डर देताना कोणता बॉक्स आहे ते सांगावंच लागतं. दरी बुजवायची तर पहिला गिअर ३ च्या आसपासचा बसवून घ्यावा.

आता गंमत अशी, की एमजीबीच्या ओव्हरड्राइव्हचा (बॉक्सच्या मागे जोडलेला, इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा संच) रेशोही जवळपास ०.८२ च आहे! बऱ्याच गाड्यांत तो तिसऱ्यावरही चालतो, म्हणजे १.१३ चा एक जादा टप्पा. ओव्हरड्राइव्हचा दुरुस्त होण्याजोगा बॉक्स हाती असेल तर टाइप ९ वर पैसे घालण्यात आम्हाला फारसं शहाणपण दिसत नाही.

तरीही बदलायचाच असेल, तर इंजिन आणि बॉक्स एकत्रच वर काढावे लागतात. क्लच प्लेटचा व्यास एमजीचा आणि मधले स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते) फोर्डचे हवेत. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकातला, इनपुट शाफ्टचं टोक तोलणारा स्पिगॉट बुश नव्या शाफ्टच्या मापाचा बसवायचा. बेलहाउसिंगचं (क्लचवरचं, बॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) केंद्र क्रँकशी जुळतं का, हे डायल गेजने तपासा. काही शतांश मिलिमीटरपलीकडे चुकलं तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कुरकुरतात आणि पुढचं बेअरिंग लवकर जातं. प्रोपेलर शाफ्टची (बॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) लांबी बॉक्स गाडीत बसवल्यावरच मोजावी. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावरही स्लाइडिंग योकला (त्या शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं पुढचं टोक) आत जायला जागा उरली पाहिजे, नाहीतर तो बॉक्सच्या मागच्या बेअरिंगला धक्के देत राहतो. स्पीडोमीटरही नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

तेलात गल्लत होते ती वेगळीच. मूळ एमजी बॉक्स इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल पितो. ओव्हरड्राइव्हही त्याच तेलावर चालतो, म्हणून त्यात घर्षण कमी करणारी औषधं घालू नयेत, ओव्हरड्राइव्हमधला क्लच घसरतो. टाइप ९ ला मात्र जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल हवं. जीएल-५ जास्त निसरडं. सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी कड्या गिअरला वेळेवर धरत नाहीत, आणि त्यातल्या काही तेलांतली गंधकाची रसायनं पितळ खातात.