टेराफॉर्म आणि अ‍ॅन्सिबल: फाइलमधली ओळ काढली तर काय होतं?

टेराफॉर्म आणि अ‍ॅन्सिबल ही सर्व्हर उभारण्याचं आणि सांभाळण्याचं काम हाताऐवजी कोडने करणारी साधनं. त्यांची नावं नोकरीच्या जाहिरातींत कायम जोडीने येतात. दोन्हींत काय हवं ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवायची आणि कमांड चालवायची. आता तर दोन्हींची मालकीही एकाच कंपनीकडे आहे: रेड हॅटने २०१५ मध्ये अ‍ॅन्सिबल घेतलं, २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टेराफॉर्मवाली हॅशिकॉर्पही घेतली.

‘टेराफॉर्म सर्व्हर उभा करतं, अ‍ॅन्सिबल त्यात सॉफ्टवेअर बसवतं’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. अ‍ॅन्सिबलनेही क्लाउडवर मशीन तयार करता येतं आणि टेराफॉर्मलाही सर्व्हरच्या आत स्क्रिप्ट चालवायला लावता येते. माझ्या मते खरा फरक एका प्रश्नातून कळतो: फाइलमधला एक तुकडा काढून टाकला आणि कमांड पुन्हा चालवली, तर काय होतं?

अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकमध्ये, म्हणजे कामांच्या यादीच्या फाइलमध्ये, तीन सर्व्हरवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवण्याचा टास्क आहे, असं धरा. तो टास्क काढला आणि प्लेबुक पुन्हा चालवलं, तर काहीच होत नाही. एनजिनएक्स तिन्ही सर्व्हरवर तसंच चालू राहतं. ते काढायचं असेल तर ‘हे पॅकेज नको’ असं वेगळं लिहावं लागतं. टेराफॉर्ममध्ये एखाद्या व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) ब्लॉक काढा आणि ‘प्लॅन’ चालवा. एक रिसोर्स नष्ट होणार, असं ते सांगेल. ‘अप्लाय’ला होकार दिला की मशीन गेलं.

हे असं होतं कारण टेराफॉर्म आठवण ठेवतं. त्याची स्टेट फाइल ही जेसॉन स्वरूपातली नोंद असते: कोडमधलं अमुक नाव म्हणजे प्रत्यक्षातलं अमुक आयडीचं मशीन. कोड, ही नोंद आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांची तुलना करून ते काय करायचं ते ठरवतं. अ‍ॅन्सिबलकडे अशी नोंद नसते. ते एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) सर्व्हरवर जातं, छोटे पायथन प्रोग्रॅम पाठवतं, आत्ता काय आहे ते पाहतं, गरज असेल तेवढंच बदलतं आणि निघून येतं. म्हणूनच नीट लिहिलेलं प्लेबुक कितीदाही चालवता येतं. थेट कमांड चालवणारी ‘शेल’ आणि ‘कमांड’ मॉड्यूल मात्र अपवाद आहेत. वेगळी अट घातली नाही तर ती दरवेळी चालतात. अशा टास्कनी भरलेलं प्लेबुक म्हणजे यॅमलमध्ये (प्लेबुकच्या मजकूर-स्वरूपात) लिहिलेली बॅश स्क्रिप्टच, आणि ते टाळायलाच हवं.

आठवण असण्याची किंमतही आहे. स्टेट फाइल हरवली तर टेराफॉर्मच्या लेखी काहीच अस्तित्वात नाही आणि ते सगळं नव्याने बनवायला निघतं. पासवर्डही तिथे उघडे पडलेले असू शकतात, म्हणून ती गिटमध्ये नको; लॉकिंग असलेल्या (एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या) रिमोट बॅकएंडमध्ये, म्हणजे दूरच्या सामाईक साठ्यातच हवी. प्लॅनही शेवटपर्यंत वाचायला हवा, कारण काही बदल जागच्या जागी होत नाहीत. उदाहरणार्थ, एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या सर्व्हरची इमेज (ज्यावरून तो बनतो तो साचा) बदलली की जुनं मशीन पाडून नवं उभं राहतं. डेटाबेसच्या मशीनवर ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ हे नष्ट होऊ न देणारं सेटिंग लावावंच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये: आख्खा ब्लॉकच काढला तर हे संरक्षणही ब्लॉकसोबत जातं.

स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये, रॅकमध्ये नव्या लोखंडी (व्हर्च्युअल नसलेल्या, प्रत्यक्ष) सर्व्हरसमोर उभं राहिलं की वाटणी बदलते. टेराफॉर्मला बोलायला एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने आज्ञा देण्याचा मार्ग, लागतो. व्हीएमवेअर किंवा ओपनस्टॅकसारखी व्हर्च्युअल मशीन पुरवणारी प्रणाली असेल तर तो असतो. नुसत्या लोखंडावर मात्र आधी बीएमसीमार्फत (सर्व्हरमधल्या दुरून नियंत्रणाच्या चिपमार्फत), रेडफिश या तिच्याशी बोलण्याच्या मानकाने, सर्व्हर चालू करायचा, पीएक्सईने नेटवर्कवरून बूट करायचा, किकस्टार्ट या आपोआप इन्स्टॉलेशनच्या पद्धतीने लिनक्स चढवायचं. पुढचं सगळं अ‍ॅन्सिबलचं. अ‍ॅन्सिबलचे जनक मायकेल डिहान यांनी त्याआधी कॉबलर हे नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन करणारं साधन लिहिलं होतं, हा योगायोग वाटत नाही. नेटवर्कच्या स्विचवर एजंट (कायम चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) बसवता येत नाही तिथेही अ‍ॅन्सिबलच सोयीचं पडतं. कॅनॉनिकल कंपनीच्या मास या साधनाने लोखंडालाही एपीआय दिला आहे, त्यामुळे तिथे टेराफॉर्मला शिरकाव आहे. तरी रॅकमधलं बहुतेक काम अ‍ॅन्सिबलकडेच राहतं.

दोन्ही वापरायची असतील तर सांधा बाहेर ठेवा: टेराफॉर्मने आयपी द्यावेत, अ‍ॅन्सिबलने त्यांतून इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) बनवावी. टेराफॉर्मच्या प्रोव्हिजनरमधून (मशीन बनवताना स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागातून) अ‍ॅन्सिबल चालवण्याचा मोह होतो. पण प्रोव्हिजनर सहसा मशीन जन्मताना एकदाच चालतो. तेव्हा तो फसला तर ते मशीन डागी ठरतं आणि पुढच्या ‘अप्लाय’ला पाडून पुन्हा बांधलं जातं. हॅशिकॉर्पचं डॉक्युमेंटेशनही प्रोव्हिजनरला शेवटचा उपाय म्हणतं.

हाताने लावलेले जुने सर्व्हर असतील तर सुरुवात अ‍ॅन्सिबलने करा. टेराफॉर्मला आधी प्रत्येक मशीन ‘इम्पोर्ट’ करून नोंदीत घ्यावं लागतं. अ‍ॅन्सिबलला एसएसएच आणि पायथन पुरतं, आणि ‘चेक’ व ‘डिफ’ पर्याय लावून चालवलं की कोणत्या सर्व्हरची कोणती फाइल प्लेबुकमध्ये लिहिल्यापेक्षा वेगळी आहे, हे काहीही न बदलता दिसतं.