अल्प प्रादुर्भावाच्या प्रदेशांतील एचआयव्ही प्रतिबंध

ज्या प्रदेशात एचआयव्हीची लागण थोड्याच लोकांना झालेली आहे, तेथे ती पसरू नये म्हणून करावयाची उपाययोजना. रूढ वर्गीकरणानुसार लोकसंख्येच्या कोणत्याही गटात लागणीचे प्रमाण सातत्याने ५ टक्क्यांवर गेलेले नसेल, तर साथ ‘अल्पस्तरीय’ मानतात. एखाद्या गटात ते त्यापुढे गेले, पण शहरांतील गरोदर स्त्रियांमध्ये १ टक्क्याच्या आत राहिले, तर ती ‘केंद्रित’ साथ होय.

पहिलीची दुसरी व्हायला फार काळ लागत नाही, आणि देशाच्या सरासरीत हा बदल दिसतही नाही. बँकॉकमध्ये शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांतील प्रमाण १९८८ मध्ये काही महिन्यांतच नगण्य पातळीवरून ३० टक्क्यांच्या वर गेले. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या ग्रामीण स्कॉट काउंटीत पूर्वी तुरळकच रुग्ण सापडत. २०१५ च्या सुमारास एकमेकांच्या सुया वापरल्यामुळे तेथे सुमारे २०० जणांना लागण झाली. वापरलेल्या सुया घेऊन स्वच्छ सुया देणाऱ्या सुई-बदल केंद्रांना परवानगी मिळाली ती त्यानंतर. ऑस्ट्रेलियाने अशी केंद्रे १९८६ पासूनच सुरू केली व अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांतील प्रमाण आजवर कमी राहिले.

त्यामुळे सर्वांसाठी सरसकट जाहिराती करण्यापेक्षा देहविक्री करणारे, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, कैदी आणि अमली पदार्थ टोचून घेणारे यांच्यापर्यंत निरोध, स्वच्छ सुया, तपासणी व उपचार पोहोचवणे अधिक फलदायी ठरते. अडचण वैद्यकीय कमी, राजकीय जास्त: ज्यांना कायदा गुन्हेगार ठरवतो, ते तपासणीला येत नाहीत.

तपासणीतही एक गणिती पेच आहे. १ लाख लोकांत १०० बाधित असतील आणि चाचणी ९९.५ टक्के निरोगी व्यक्तींना अचूक ओळखत असेल, तरी सुमारे ५०० निरोगी माणसे चुकून बाधित ठरतात. म्हणून एकाच चाचणीवर निदान करीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार लागोपाठ तीन चाचण्या सकारात्मक याव्या लागतात.

रक्तपेढीतील तपासणी, गरोदरपणातील औषधोपचार व लागण टाळणारी ‘प्रेप’ औषधे हे उपाय सर्वत्र सारखेच. दवाखान्यातील सुईकडे मात्र दुर्लक्ष होते. पाकिस्तानात सिंध प्रांतातील रतोडेरो येथे २०१९ मध्ये शेकडो जणांना लागण झाल्याचे उघडकीस आले. त्यांतील बहुतेक लहान मुले होती, आणि तपासाचा रोख पुनःपुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे वळला.