पिवळं दिसायच्या आधीची कावीळ

काविळीचा विषय निघाला की आमच्या लातूर-धाराशिव भागात प्रत्येकाकडं एक किस्सा असतोय आणि प्रत्येक किश्शात एक औषध देणारा माणूस असतोय. कुणी नाकात थेंब टाकतं, कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून घेतं, आणि मग "आठ दिवसात उतरली बघा" हे वाक्य ठरलेलं. उतरते हे खरंच आहे. पण कधी उतरते आणि कुणामुळं, इथं सगळा घोळ आहे.

मला झाली तेव्हा मी लातुरात क्लासेससाठी राहायचो. चौघं एका खोलीत, डबा एका मेसचा, पाणी कधी नळाचं कधी टँकरचं कधी जारचं, जे मिळेल ते. सुरुवातीला पिवळं काहीच नव्हतं. अंगात कणकण, उजवीकडं बरगडीखाली जड जड, आणि शेजारी कुणी वरणाला फोडणी दिली की त्या वासानंच ओकारी यायची. डॉक्टर म्हणले व्हायरल आहे, आणि ते बरोबरच होतं की, व्हायरलच होतं. खोलीतला एक जण रोज सिगरेट ओढणारा, त्याला अचानक सिगरेटचा वास सहन होईना, आम्ही म्हणलं सुधरला गडी. नंतर त्याचे पण डोळे पिवळे झाले. सिगरेट नकोशी वाटणं हे हिपॅटायटिसचं, म्हणजे लिव्हरच्या सुजेचं, जुनं पुस्तकी लक्षण आहे हे लई उशिरा वाचण्यात आलं. मग लघवी चहासारखी गडद व्हायला लागली, आणि मजा म्हणजे ताप उतरला, बरं वाटायला लागलं, म्हणून गावाकडं गेलो तर माय म्हणली, "डोळे बघ की रं, पिवळेजरद दिसलालेत."

तर हा पिवळा रंग येतो कुठून? आपल्या रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हाताऱ्या झाल्या की मोडल्या जातात आणि त्यातल्या हिमोग्लोबिनमधून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. हे रोज चालू असतंय, तुमच्यात पण आत्ता चालू आहे. लिव्हर त्याला पाण्यात विरघळेल असं करून पित्तातून आतड्यात सोडून देतं, विष्ठेला जो रंग असतो तो त्याच्यापासूनच. लिव्हरला सूज आली की ही वाट तुंबते, बिलिरुबिन रक्तात साठतं, लघवीतून बाहेर पडायला लागतं म्हणून लघवी गडद आणि शौच फिक्कट. नॉर्मल माणसाच्या १०० मिली रक्तात ते १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दोन-तीनच्या वर गेलं की डोळ्यात दिसतंय. डोळ्यात आधी दिसतं कारण तिथल्या इलॅस्टिन नावाच्या प्रोटीनला बिलिरुबिन चांगलं चिकटतं. बघायचं तर दिवसाउजेडी बघावं, पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही.

पण पिवळं दिसणं ही आजाराची सुरुवात नाही, ती मधली पायरी आहे. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचे विषाणू दोन, हिपॅटायटिस ए आणि ई. (बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यांचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर, ते इथं नको.) ए चा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी ४ आठवडे, आणि ई ला त्याच्यापेक्षा जरा जास्तच. म्हणजे काल खाल्लेल्या पाणीपुरीवर खापर फोडण्यात अर्थ नाही, महिन्यापूर्वी कुठं काय पिलो हे आठवावं लागेल आणि ते कुणालाच आठवत नसतं. या काळात विषाणू लिव्हरच्या पेशीत गुपचूप वाढतो, पित्तातून आतड्यात उतरतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यात. माणूस मेसमध्ये जेवतोय, क्लासला जातोय, लग्नात पंगतीला वाढतोय, आणि त्याला स्वतःला पण माहीत नाही. घरी आल्यावर माझं ताट-तांब्या वेगळा केला, ते करावंच, पण खोलीतल्या पोरांना जे द्यायचं ते मी आधीच देऊन आलो असणार, किंवा त्यांच्याकडून घेऊन.

आणि अजून एक उलटी गोष्ट. लिव्हरचं जे नुकसान होतं ते विषाणू स्वतः फारसं करत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी विषाणू लपलेल्या लिव्हरच्या पेशी शोधून शोधून मारतात, त्यात होतं. म्हणजे डोळे पिवळे होतात तेव्हा शरीर हरत नसतं, उलट लढाई बऱ्यापैकी जिंकत आलेलं असतं. रिपोर्टमध्ये पण हे दिसतं. एसजीपीटी, म्हणजे मेलेल्या लिव्हर पेशींतून रक्तात सांडणारं एन्झाइम, चाळीसच्या आसपास असायला पाहिजे ते हजाराच्या पुढं जातं, पण ते आधी चढतं आणि आधी उतरायला लागतं, तेव्हा बिलिरुबिन मात्र अजून वाढतच असतं. घरचे फक्त बिलिरुबिनचा आकडा बघतात आणि घाबरतात, "वाढलालंय की हो", आणि नेमकं याच टायमाला कुणीतरी गाडी काढून औषधवाल्याकडं घेऊन जातं.

आता ती औषधं. देवडांगरी नावाच्या रानवेलीचा रस नाकात टाकला की नाकातून पिवळं पाणी धो धो गळतं, लोक म्हणतात कावीळ गळाली. ते जळजळीनं नाकातून आलेलं पाणी असतं, निरोगी माणसाच्या नाकात टाका, त्याचं पण गळेल. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आल्यामुळं, अंधश्रद्धा निर्मूलनवाले गावोगाव स्टेजवर करून दाखवतात. माळेच्या गाठी अशा मारलेल्या असतात की वनस्पतीच्या काड्या वाळल्या की माळ सैल होऊन लांबते, मग "माळ पोटापर्यंत आली, कावीळ उतरली". या सगळ्याला गुण येतो, कारण तिथं जायच्या वेळेला शरीरानं आपलं काम उरकत आणलेलं असतं. माळ, थेंब न घेणारा पण त्याच सुमाराला बरा होतो, फक्त त्याचा किस्सा कुणी सांगत नाही. माळेनं तरी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तापल्या लोखंडाचा डाग दिल्यानं, पोटात कसलाही पाला गेल्यानं, आणि दवाखान्यात जायचे महत्त्वाचे दिवस वाया गेल्यानं. आणि उसाचा रस! काविळीला रस पाजायचा हे आमच्याकडं देवाज्ञेसारखं. रसात साखर असते, उलट्या होणाऱ्याला ताकद येते, कबूल. पण रसवंतीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा आणि गिलास कुठल्या बादलीत बुचकळलेला, हे बघितलं तर काविळीवर उपाय म्हणून काविळीच्याच दारात उभं राहायचा प्रकार आहे. घरी धुतलेल्या ग्लासात, बिनबर्फाचा प्या.

ई विषाणू सापडला त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९५५ साली दिल्लीत यमुनेला पूर येऊन गेला, पात्र सरकलं आणि नाल्याचं पाणी वझीराबादच्या पाणी उपशाच्या जागेपर्यंत आलं. तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवला. टायफॉइड, हगवण यांची साथ आली नाही, पण त्या हिवाळ्यात सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. म्हणजे बॅक्टेरिया मरतील एवढा क्लोरीन विषाणूला पुरला नाही. बरीच वर्षं सगळे धरून चालले की ही ए ची साथ. पण आजारी पडलेले बहुतेक तरुण आणि मोठी माणसं होती, आणि त्या काळात आपल्याकडं ए लहानपणीच होऊन गेलेला असायचा, मग मोठ्यांना कसा झाला? साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढं तपासले तेव्हा ए नाही हे नक्की झालं. मग तो दुसरा कोण, हे शोधायला मॉस्कोचे विषाणूशास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांनी जे केलं ते आज कुठलीच एथिक्स कमिटी करू देणार नाही. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ होती, बालायन यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क काढला आणि स्वतः पिला. त्यांना ए आधीच होऊन गेलेला होता, त्यामुळं आता कावीळ झाली तर ती वेगळ्या विषाणूची हा हिशोब. पाच आठवड्यांनी झाली, चांगली जोरात. त्यांनी स्वतःच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू बघितला आणि १९८३ ला पेपर छापला.

दिल्लीचा तो धडा आमच्या नळाला तंतोतंत लागू आहे. मराठवाड्यात पाणी रोज येत नाही, कुठं चौथ्या दिवशी, कुठं आठव्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पाणी बंद झालं की जमिनीतली पाइपलाइन रिकामी होते आणि रिकामी लाइन बारीक भेगांतून स्ट्रॉसारखी बाहेरचं ओढून घेते, शेजारनं गटार जात असेल तर गटाराचं. म्हणून नळ सुटल्यावर पहिलं गढूळ पाणी प्यायला भरू नये हे बायका जे पाळतात ते अगदी शास्त्राला धरून आहे. त्यात पाणी साठवायचं हौदात, पिंपात, त्यात तांब्या बुडवणारा हात कुणाचा काय माहीत. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण त्यानं विषाणू मरत नाही. गावात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात आणि ओटी टेस्ट करतात, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. टेस्ट टाकीपाशी न करता गावाच्या शेवटच्या नळाला करायला पाहिजे, कारण पोहोचेपर्यंत क्लोरीन संपलेला असू शकतो. घरात सगळ्यात खात्रीचं म्हणजे उकळणं, खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट. आणि कोविडपासून सवय लागलेलं सॅनिटायझर इथं फारसं कामाचं नाही, कोरोनाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं ते अल्कोहोलनं फुटतं, विष्ठेतून येणाऱ्या ए, ई ला ते आवरणच नसतं. साबण आणि वाहतं पाणी.

आजी म्हणायची आमच्या काळात एवढी कावीळ नव्हती. होती, दिसायची नाही. सहा वर्षांखालच्या लेकरांत ए झाला तर ७० टक्के पोरांत काही लक्षणच दिसत नाही, आणि एकदा झाला की जन्मभराचं संरक्षण. मोठेपणी झाला तर ७० टक्क्यांहून जास्त जणांना कावीळ होते. आता घरोघरी संडास झाले, फिल्टर आले, लेकरं बऱ्या पाण्यावर वाढतात आणि ए न होताच सतरा-अठरा वर्षांची होतात, मग लातूर, संभाजीनगर, पुण्याच्या होस्टेलवर जातात आणि तिथं पहिल्यांदा गाठ पडते. घाणीत वाढलेलं बरं असा याचा अर्थ कुणी काढू नये, घाण पाण्यातून येणाऱ्या बाकीच्या गोष्टी लेकराला मारतात. पण अर्धवट स्वच्छतेचा हा खर्च आहे, घर स्वच्छ आणि गाव तसंच.

बरं होताना सगळ्यात वैताग आला तो खाजेचा. पित्तातले क्षार अंगात साठतात त्यानं खाज सुटते, रात्री जास्त, आणि थकवा तर डोळे पांढरे झाल्यावरही कितीतरी दिवस जात नाही. जिना चढलं की बसावं वाटायचं. काही जणांना, दहातल्या एकाला म्हणा, ए परत उलटून येतो, तोही जातो. खाण्याचं म्हणाल तर हळद बंद, तेल बंद, पिवळं काही बघायचंच नाही या पथ्यांना आधार नाही. भूक लागेल ते खावं, ज्वारीची भाकर, वरण, भात, सगळं चालतं. दारू अजिबात नाही, आणि पॅरासिटामॉलसकट कुठलीही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, कारण गोळ्या पण लिव्हरलाच मोडाव्या लागतात. पेशंट बरळायला लागला, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागा, हिरड्यातून रक्त, उलट्या थांबेनात, तर रात्र असो की पाऊस, मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

गरोदर बाईला तर पहिल्या दिवसापासूनच न्यायचं. ई चं हे सगळ्यात वाईट अंग आहे, शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात, आणि असं का होतं याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. ए ची लस आपल्याकडं खाजगी दवाखान्यात मिळते, होस्टेलला जाणाऱ्या पोरापोरींना आधीच द्यायचं डॉक्टरशी बोलून बघा. ई ची लस चीननं २०११ ला मंजूर केली, आणि साथ चालू असताना ती पहिल्यांदा वापरली गेली २०२२ ला दक्षिण सुदानमधल्या बेंतियूच्या विस्थापितांच्या छावणीत, तिथं गरोदर बायांना पण दिली.