लोंबी भरेल, पण कशाने?

दादरच्या वाण्याकडे कोलम घेताना आपण नवा की जुना, तुकडा किती, भात मोकळा होतो का, एवढंच विचारतो. जस्त किती, असं विचारलं तर वाणी भलत्याच नजरेने बघेल. पण प्रश्न वेडगळ नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, आणि त्याने धान्याचा कस बदलतो.

हवाईतल्या माउना लोआवर 1958 साली नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 315 रेणू होते. आता ते 420च्या पुढे गेलेत. वनस्पती याच वायूपासून पिष्ट बनवतात, तेव्हा वायू वाढला तर पीकही वाढेल, हे म्हणणं अगदीच खोटं नाही. भात-गव्हाच्या पानात हा वायू धरणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) तसं वेंधळं. कार्बन डायऑक्साइडऐवजी पुष्कळदा ऑक्सिजनच धरून बसतं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही गफलत कमी होते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या पानांत हा वायू दाट करून रुबिस्कोपर्यंत पोचवायची सोय मुळातच असते, म्हणून त्यांना वाढीव वायूचं फारसं अप्रूप नाही.

खरी मेख मातीत आहे. जपानच्या भातखाचरांत 1998पासून असे प्रयोग झाले: उघड्या शेतात नळ्यांचं कडं उभारायचं आणि वारा जिकडून येईल त्या बाजूच्या नळ्यांतून वायू सोडायचा. नत्र पुरेसं होतं तिथे उत्पादन चांगलं वाढलं, तोकडं होतं तिथे वाढही तोकडी राहिली.

आणि दाण्याचं काय? अशाच प्रयोगांचे आकडे एकत्र करून 2014 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वायूचं प्रमाण 550च्या आसपास नेल्यावर गव्हातलं जस्त सुमारे 9 टक्के, लोह 5 टक्के आणि प्रथिनं 6 टक्के घटली. तांदळातली प्रथिनं जवळपास 8 टक्के घटली. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, तसं काहीसं: पिष्ट वाढतं, बाकीचं त्या मानाने वाढत नाही. शिवाय वायू मुबलक असला की पर्णरंध्रं अर्धवट मिटतात, पानांतून पाणी कमी उडतं, आणि त्या पाण्याच्या ओढीने मुळांकडे येणारं, प्रथिनांना लागणारं नत्रही कमी येतं.

जस्ताची आपल्याकडे आधीच बोंब. पाणी तुंबलेल्या खाचरात ते मुळांना नीट मिळत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या पंतनगरला भाताची पानं तांबूस-तपकिरी पडायची. हा ‘खैरा’ म्हणजे जस्ताची उणीव, हे 1966 साली उलगडलं. कोकणातल्या जांभ्या मातीत दुखणं निराळं: तिथलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. म्हणून भात लावायच्या ‘चारसूत्री’ पद्धतीत युरिया आणि डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतांची गोळी रोपांच्या चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. खत मुळांपाशीच राहतं, पाण्याबरोबर वाहून जात नाही. माझ्या मते नुसतं युरियाचं पोतं फेकण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

मुंबईच्या रेशनवर गेल्या काही वर्षांत पोषणयुक्त तांदूळ आला, म्हणजे साध्या तांदळात पोषकद्रव्यं घातलेले दाणे मिसळलेला. त्यातल्या वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून लोकांनी निवडून फेकलं, हा भाग वेगळा. त्या दाण्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 असतंच. जस्त घालणं मात्र ऐच्छिक आहे. ते भातातच यावं म्हणून जस्तयुक्त वाण निघालेत, पण मातीतच जस्त नसेल तर वाण तरी ते कुठून आणणार? तिथे पेरणीआधी माती तपासून झिंक सल्फेट द्यावंच लागतं.